घोडं पेंड खात नाही तेव्हा…

भामरागडला घोडा नसतो. बैल असतात, शेळ्या असतात, कोंबड्या तर रस्ता आपल्या नावावर असल्यासारख्या फिरतात. पण घोडा नाही. पामुलगौतम, पर्लकोटा आणि इंद्रावती या तीन नद्यांच्या संगमावरचं आमचं हे तालुक्याचं गाव. आलापल्लीहून साठ-पासष्ट किलोमीटर जंगलातला रस्ता. पावसाळ्यात पर्लकोटेच्या पुलावरून पाणी गेलं की जग पुलाच्या अलीकडेच संपायचं. अशा ठिकाणी घोड्यावर बसून जाणार तरी कुठे?

त्यामुळे मी पहिला घोडा पाहिला तो तिसरीत असताना. एका व्यापाऱ्याच्या घरचं लग्न होतं आणि नवरदेवासाठी चंद्रपूरहून टेम्पोतून घोडी आणली होती. पांढरी, अंगावर जरीची झूल, कपाळावर तुरा. अख्खी शाळा तिच्यामागे. नवरदेवाकडे कोणी बघतही नव्हतं.

दुसरा घोडा भेटला मी नववीत असताना. तो एका छोट्या काचेच्या बाटलीत होता आणि तेव्हा मला ते कळलंही नाही. त्याच्याबद्दल पुढे सांगते.

तिसरी घोडी गेल्या हिवाळ्यात चंद्रपूरला भेटली. मी शिकायला राहते त्या खोलीच्या मागच्या गल्लीत. हा लेख तिच्यामुळे आहे.

‘वय झालं, आता काय खाईल?’

तिचं नाव राणी. लग्नाच्या वरातीत चालणारी घोडी. मालकांना सगळी गल्ली ‘मामा’ म्हणते, मीही म्हणते. राणी बावीस वर्षांची, म्हणजे बरोब्बर माझ्या वयाची. एवढ्या एका कारणाने मी रोज कॉलेजला जाता-येता तिच्यापाशी थांबायला लागले. तिच्यासोबतच्या सेल्फीला माझ्या इतर सगळ्या फोटोंपेक्षा जास्त लाइक मिळाले, हे आपलं जाता जाता.

दिवाळीनंतर लग्नं सुरू झाली आणि राणी उतरायला लागली. आधी मानेचा भराव कमी झाला. मग पाठीचा कणा वर आला. मग मागच्या पुठ्ठ्यावर खड्डे. पोट मात्र गोल दिसायचं, त्यामुळे लांबून बघणाऱ्याला वाटावं, चांगली खाऊन-पिऊन आहे. आणि वरातीत तर काहीच दिसत नव्हतं, कारण वरून झूल. फासळ्या झुलीखाली झाकलेल्या. खोगीर सरकायला लागलं तेव्हा मामांनी खाली आणखी एक घोंगडी घातली. ‘खोगीरभरती’ हा शब्द शाळेत वाक्प्रचार म्हणून पाठ केला होता, तो असा डोळ्यांसमोर पाहीन असं वाटलं नव्हतं.

डिसेंबरात तिने खाणंच टाकलं. ढेप-पेंड समोर ठेवली तर हुंगायची आणि मान फिरवायची. आपण म्हणतो ना, ‘इथंच तर घोडं पेंड खातं’? इथं अडचण अशी होती की घोडं पेंड खातच नव्हतं.

मी विचारलं, “मामा, डॉक्टरांना दाखवलं का?”

“काय दाखवू पोरी? वय झालं तिचं. आता काय खाईल?”

मामा निर्दयी नाहीत. राणीच्या अंगावर रोज खरारा फिरवणारा, तिच्याआधी स्वतः न जेवणारा माणूस आहे तो. पण ‘वय झालं’ हे वाक्य असं आहे की ते म्हटलं की पुढचे सगळे प्रश्न बंद होतात. वय हे काही दुखणं नाही की त्यावर औषध शोधावं. आणि औषध शोधायचं नसेल तर डॉक्टरला कशाला बोलवायचं?

घासाच्या विड्या

माझ्याकडे घोड्यांचं ज्ञान शून्य. पण इंटर्नशिपमध्ये आम्हाला पहिल्या आठवड्यात एक गोष्ट शिकवतात. मत विचारण्याआधी जे दिसतंय ते लिहून काढ. म्हणून मी तेवढंच केलं. वहीत चार दिवस नोंदी केल्या.

एक, राणी भुकेली होती. गवत आणलं की कान पुढे यायचे, ती घास घ्यायची, चावायला लागायची आणि मग डोकं एका बाजूला वाकडं करायची. दोन, तिच्या पायाशी अर्धवट चावलेल्या गवताचे ओले गोळे पडलेले असायचे, पानाच्या विड्यांएवढे. मामांना वाटायचं, ती नखरे करते, टाकून देते. तीन, तिच्या लिदीत अख्खे चणे आणि बोटभर लांब काड्या दिसत होत्या. चार, हिवाळ्याचं थंड पाणी प्यायला गेली की ती तोंड झटकन मागे घ्यायची.

या चार ओळी वाचून दाखवल्यावर सरकारी दवाखान्यातले पशुवैद्यक फोनवरच म्हणाले, “तोंड उघडून बघावं लागेल.”

दुसऱ्या दिवशी ते आले. आधी त्यांनी तोंडाला हात लावलाच नाही. ताप पाहिला, नाडी मोजली, हिरड्यांचा रंग पाहिला, पोटाच्या दोन्ही बाजूंना कान लावून आवाज ऐकले. मी विचारलं, दात बघायला आलात ना? ते म्हणाले, घोडा खात नाही याचं पहिलं कारण पोटदुखी नाही ना, हे आधी ठरवायचं. घोड्याला उलटी करता येत नाही. जे आत गेलं ते पुढेच जायला हवं. आतड्यात अडकलं, पीळ पडला तर काही तासांत जनावर जातं. म्हणून खाणं एकदम बंद, लीद बंद, सारखं लोळणं, पोटाकडे वळून बघणं, घाम येणं, असं काही दिसलं तर सकाळची वाट बघायची नाही.

राणीच्या पोटाचे आवाज ठीक होते. मग त्यांनी गुंगीचं इंजेक्शन दिलं, जबडा उघडा ठेवणारा लोखंडी सापळा लावला आणि टॉर्च मला धरायला दिला.

आत जे दिसलं ते आजही आठवतं. दाढांच्या कडा सुरीसारख्या. गालाच्या आतल्या बाजूला दोन लांब जखमा. आणि शेवटून दुसरी दाढ हलत होती, तिच्या फटीत कुजलेलं गवत. वास असा की टॉर्च माझ्या हातातून पडता पडता राहिला.

ही घोडी खायला नाही म्हणत नव्हती. प्रत्येक घासाला तिचा गाल कापत होता.

दात झिजतात, मग संपतात

घोड्याच्या दाताची गंमत आपल्या दातापेक्षा वेगळी आहे. आपला दात एकदा आला की तेवढाच. घोड्याच्या दाढेचा मोठा भाग हिरडीच्या आत साठवलेला असतो आणि ती वर्षाला साधारण दोन ते तीन मिलिमीटर वर सरकत राहते, कारण तेवढीच ती गवत चावून झिजते. दिवसाचे चौदा-सोळा तास चरणाऱ्या जनावरासाठी केलेली ही सोय. पण साठा मर्यादित असतो. विशी ओलांडली की तो संपत येतो. दाढा गुळगुळीत होतात, फटी पडतात, काही हलतात, काही पडतात.

त्यात आणखी एक भानगड. घोड्याचा वरचा जबडा खालच्यापेक्षा रुंद असतो. त्यामुळे वरच्या दाढांची बाहेरची कड आणि खालच्या दाढांची आतली कड नीट घासली जात नाही, तिथे टोकं वाढतात. वरची गाल कापतात, खालची जीभ. रानात चरणाऱ्या घोड्यापेक्षा तबेल्यात बांधून चणे आणि ढेप खाणाऱ्या घोड्यात हे जास्त होतं, कारण गवत चघळताना जबडा जितका आडवा फिरतो तितका दाणा खाताना फिरत नाही. उपाय साधा आहे. वर्षातून एकदा दात तपासायचे, टोकं कानशीने घासायची. म्हाताऱ्या घोड्याचे सहा महिन्यांनी.

आपल्याकडे म्हण आहे, ‘धर्माची गाय आणि दात का नाय?’ म्हणजे फुकट मिळालेल्या गाईचे दात कशाला बघायचे. जनावर विकत घेताना आपण दात बघतोच, वय कळतं म्हणून. पण ते एकदा आपल्या दावणीला आलं की पुन्हा कोणी तोंड उघडून बघत नाही.

अर्थात, दात हे एकच कारण नसतं. डॉक्टरांनी मामांना बाकीची यादीही सांगितली. पोटातले जंत. यकृत किंवा मूत्रपिंडाचा आजार. पंधरा वर्षांपुढच्या घोड्यांत दिसणारा एक ग्रंथींचा विकार, ज्यात उन्हाळा आला तरी हिवाळ्याचे लांब केस गळत नाहीत, पाणी खूप प्यायलं जातं आणि पाठीचे स्नायू विरघळल्यासारखे होतात. खुरांचं, सांध्यांचं दुखणं, कारण ज्याला चालताना त्रास होतो तो चाऱ्यापर्यंतच जात नाही. शेजारचा धट्टाकट्टा घोडा खाऊ देत नाही, हेही एक कारण. म्हणून राणीचं रक्तही तपासायला गेलं.

आणि एक गोष्ट त्यांनी मामांना दोनदा बजावली. ती खात नाही म्हणून मामांनी तिच्यासमोर आणखी चणे ओतले होते. उपाशी घोड्याला एकदम भरपूर दाणा देणं हे उपाशी ठेवण्याइतकंच वाईट. त्याने पोट बिघडतं, खुरांना सूज येते, घोडा उभा राहू शकत नाही. उलट बाजूने, तट्टू किंवा अंगावर चरबी असलेलं जनावर दोन-तीन दिवस काहीच खात नसेल तर शरीरातली चरबी रक्तात उतरते आणि यकृत बंद पडू शकतं. म्हणजे ‘बघू, एक-दोन दिवसांत खाईल’ हे वाक्यही धोक्याचंच.

बाटलीतला घोडा

आता तो दुसरा घोडा.

मी नववीत होते, पावसाळा होता. माझा धाकटा भाऊ बांधावरून येताना त्याला घोणस चावली. पाय सुजला, हिरड्यांतून रक्त यायला लागलं. दवाखान्यात त्याचं थोडं रक्त काचेच्या नळीत घेऊन तशीच उभी ठेवली. वीस मिनिटांनी नळी तिरकी केली तर रक्त पाण्यासारखं वाहिलं, गोठलंच नव्हतं. घोणशीचं विष रक्त गोठण्याची शक्ती संपवतं, हे ओळखायची ही साधी परीक्षा. मग पांढऱ्या पावडरच्या छोट्या बाटल्या आल्या. पाण्यात मिसळून, सलाइनमधून. एकूण दहा. तो वाचला. आज तो गडचिरोलीत आयटीआय करतो आणि माझे पैसे उसने घेऊन परत करत नाही.

त्या बाटल्यांमध्ये काय होतं हे मला राणीच्या डॉक्टरांनी सांगितलं. त्यात घोडा होता.

नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चार सापांचं विष अगदी थोड्या प्रमाणात, हळूहळू वाढवत घोड्याला टोचतात. घोड्याच्या रक्तात त्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार होतात. ते रक्त घेऊन त्यातला पिवळसर द्रव वेगळा काढतात, शुद्ध करतात, वाळवून बाटलीत भरतात. तांबड्या पेशी पुन्हा त्याच घोड्याला चढवता येतात. फ्रान्सच्या आल्बेर काल्मेत यांनी 1895 च्या सुमारास सर्पविषावरचं पहिलं औषध तयार केलं तेव्हापासून मूळ पद्धत हीच आहे. आपल्या राज्यात हाफकिनचं नाव यासाठी ओळखलं जातं, त्यांचे घोडे पिंपरीला असत. देशातल्या औषधासाठी लागणारं बरंचसं विष तमिळनाडूतल्या इरुला सापपकड्यांच्या सहकारी संस्थेकडून येतं, ती 1978 पासून काम करते आहे. म्हणजे भामरागडच्या बांधावर चावलेल्या सापाचं उत्तर इरुलांच्या हातातून, एखाद्या घोड्याच्या शिरेतून, पर्लकोटा ओलांडून माझ्या भावापर्यंत आलं होतं.

हे किती मोठं आहे ते आकड्यांत बघा. 2000 ते 2019 या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे बारा लाख माणसं गेली, असा 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाचा अंदाज आहे. वर्षाला सरासरी 58 हजार. बहुतेक खेड्यांतली, जवळपास निम्मी पावसाळ्यात. मार्च 2024 मध्ये केंद्र सरकारने सर्पदंशाविरुद्धचा राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला. 2030 पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणायचं त्याचं उद्दिष्ट आहे. ते गाठायचं तर बाटल्या लागतील. बाटल्यांसाठी घोडे लागतील. आणि ते घोडे खात-पीत असावे लागतील.

कारण रक्त देणाऱ्या घोड्याचं वजन ही तिथे काळजीची बाब असते. जागतिक आरोग्य संघटनेची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात, एका वेळी किलोमागे 13 ते 15 मिलिलिटर रक्त घ्यावं. म्हणजे चारशे किलोच्या घोड्याचं पाच-सहा लिटर. मग काही आठवडे विश्रांती. वजन, हिमोग्लोबिन, रक्तातली प्रथिनं यांवर लक्ष. वर्षानुवर्षं विष टोचून घेतलेल्या घोड्याच्या यकृतात अमायलॉइड नावाचं प्रथिन साचत जाऊ शकतं. असा घोडा बाहेरून कसा दिसतो? वजन कमी, खाण्यात लक्ष नाही. ‘वय झालं’ म्हणण्यासारखाच.

जिम नावाचा घोडा

घोड्याच्या दुखण्याकडे नीट न बघितल्याची सगळ्यात महागडी गोष्ट अमेरिकेतल्या सेंट लुइस शहरातली आहे, 1901 सालची. तिथे जिम नावाचा एक घोडा होता. आधी दुधाची गाडी ओढायचा. म्हातारपणी त्याला घटसर्पाचं औषध बनवायला ठेवलं. तीन वर्षांत त्याच्या रक्तापासून सुमारे अठ्ठावीस लिटर औषध मिळालं, किती मुलं वाचली असतील.

ऑक्टोबर 1901 मध्ये जिमला धनुर्वात झाल्याचं लक्षात आलं. या आजारात जबडा आवळतो, घोड्याला तोंड उघडता येत नाही. जिमला मारून टाकावं लागलं. पण त्याच्या शरीरात आजार शिरल्यानंतर, लक्षणं दिसायच्या आधी काढलेल्या रक्ताचं औषध तोवर बाटल्यांत भरून वाटलं गेलं होतं. तेरा मुलं धनुर्वाताने गेली. पुढच्याच वर्षी, 1902 मध्ये, अमेरिकेने अशा औषधांच्या तपासणीचा कायदा केला. आज जगभर लसी आणि प्रतिविषं बाजारात येण्याआधी ज्या चाचण्यांतून जातात, त्या शिस्तीच्या मुळाशी एक म्हातारा गाडीचा घोडा आहे.

मला ही गोष्ट वाचून आधी मुलांचं वाईट वाटलं. मग जिमचं. आयुष्यभर दूध वाहिलं, मग रक्त दिलं आणि इतिहासात नाव राहिलं ते विषाची बाटली म्हणून.

काम संपल्यावर

मुंबईत व्हिक्टोरिया होत्या, तुम्ही जुन्या सिनेमांत पाहिल्या असतील. जून 2015 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्या बेकायदा ठरवल्या आणि बंद करायला वर्षभराची मुदत दिली. गाड्या बंद करणं सोपं होतं. घोड्यांचं आणि त्यांना सांभाळणाऱ्या माणसांचं काय करायचं, हा खरा प्रश्न होता. देशात घोडे झपाट्याने कमी होत आहेत. 2012 च्या पशुगणनेत घोडे आणि तट्टू मिळून सव्वासहा लाख होते, 2019 मध्ये साधारण तीन लाख चाळीस हजार. घोडे कमी झाले की घोड्याचे दात घासणारे हातही कमी होतात. चंद्रपूर-गडचिरोलीतल्या पशुवैद्यकांचा दिवस गाई-बैल आणि शेळ्यांत जातो, घोडा त्यांच्याकडे वर्षात किती वेळा येणार?

भामरागडजवळ हेमलकशाला लोकबिरादरी प्रकल्पात आम्हाला शाळेतून नेलं होतं. 1973 मध्ये बाबा आमटे यांनी सुरू केलेला हा प्रकल्प. डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे यांनी तिथे दवाखाना चालवला, 2008 मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. शिकारीत मेलेल्या माकडिणीला बिलगलेलं पिल्लू प्रकाशभाऊंनी माडिया शिकाऱ्यांकडून मागून घेतलं आणि तिथून अनाथ प्राण्यांचं घर उभं राहिलं. तेव्हा आम्ही पोरं बिबट्या बघून ओरडत होतो. आता वाटतं, पिल्लू घरात आणणं हा त्या गोष्टीचा गोड भाग. ते म्हातारं होईपर्यंत रोज त्याने किती खाल्लं आणि किती टाकलं हे बघत राहणं, हा खरा भाग. तो कोणाच्या फोटोत येत नाही.

मामांचं गणितही सरळ आहे. राणी चालली तर लग्नाचे पैसे येतात, त्यातून तिची चंदी येते. ती बसली की खर्च तेवढाच आणि उत्पन्न शून्य. तिला विकून टाका म्हणणारे दोघेजण मी स्वतः ऐकले. म्हाताऱ्या, न खाणाऱ्या घोडीला विकत कोण घेतं आणि कशाला, हे त्यांनी सांगितलं नाही.

राणी आता

त्या दिवशी डॉक्टरांनी कानशीने दाढांची टोकं घासली. हलणारी दाढ काढली. माझ्या अंगठ्याएवढी दाढ, मुळाशी काळी. मामा ती कितीतरी वेळ हातात धरून बघत होते. “हे घेऊन ती वरातीत नाचत होती,” एवढंच म्हणाले.

पुढचे पंधरा दिवस गल्लीत राणीचा डबा हा विषय होता. बारीक कुट्टी आणि गव्हाचा कोंडा कोमट पाण्यात भिजवून लगदा. चिमूटभर मीठ. थोडं थोडं, दिवसातून पाच-सहा वेळा. चणे बंद. समोरच्या काकू कुकरचं उरलेलं गरम पाणी आणून द्यायच्या. माझी ड्यूटी रात्री दहाची. तिसऱ्या दिवशी तिने अख्खं घमेलं चाटून पुसून साफ केलं आणि माझ्या स्वेटरला पुसलं. रक्ताच्या अहवालात मोठं काही निघालं नाही. जंताचं औषध नंतर दिलं.

ती पुन्हा तरणी झाली, असं सांगितलं तर खोटं होईल. पाठीचा कणा अजून जाणवतो. अख्ख्या गवताचा तिचा जमाना गेला, आता आयुष्यभर भिजवलेलंच. डॉक्टरांनी वरातीला नाही म्हटलंय. मामा सध्या दुसऱ्याच्या घोडीसोबत वरातीला जातात, मोतद्दार म्हणून, आणि त्या पैशातून राणीचा कोंडा येतो. इतकी वर्षं तिने त्यांना पोसलं, आता हे तिला. हे किती दिवस जमेल असं मी विचारलं नाही. ते रोज सकाळी तिच्या मानेवर हात फिरवून फासळ्या मोजतात. झूल पेटीत ठेवून दिली आहे.

त्या रात्री मी घरी भामरागडला फोन केला. आजी हल्ली जेवत नाही, आई दोन महिन्यांपासून सांगत होती. भाकरी चतकोर खाते, बाकीची कोंबड्यांना. बाबा म्हणाले होते, वय झालं. मीही ‘हो’ म्हटलं होतं.

“आजीला फोन दे,” मी म्हटलं. “आजी, चावताना दुखतं का गं?”

पलीकडे थोडा वेळ काहीच आवाज नाही. मग आजी म्हणाली, “डावीकडनं. पण तुला कोणी सांगितलं?”

घोडा खात नसेल तर : आधी हे बघा

• नुसतं ‘खात नाही’ म्हणू नका. भूक आहे पण चावता येत नाही, की भूकच नाही? दोन्हींची कारणं वेगळी.

• जमिनीवर चावून टाकलेले ओले गोळे, लिदीत अख्खे दाणे, तोंडाला वास, डोकं वाकडं करून चावणं : दात तपासून घ्या.

• लोळणं, घाम, पोटाकडे बघणं, लीद बंद : तातडीची वेळ. मनाने वेदनाशामक देऊ नका, पशुवैद्यकाला बोलवा. फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी 1962 हा निःशुल्क क्रमांक आहे.

• नाकातून घट्ट स्राव, अंगावर गाठी किंवा फुटणारे फोड, ताप : घोड्याला वेगळं ठेवा, उघड्या हाताने हाताळू नका. काही आजार माणसाला होतात.

• पोट गोल दिसतं म्हणून फसू नका. फासळ्या, पाठीचा कणा आणि पुठ्ठा हाताने चाचपा. केस लांब असले की डोळ्यांना कळत नाही.

• आहार बदलायचा तर आठवड्याभरात, हळूहळू. उपाशी घोड्याला एकदम दाणा नको.

• लग्नात घोडी दिसली तर सेल्फीआधी एकदा झुलीखाली हात घालून बघा. फासळ्या सरळ मोजता येत असतील तर मालकाशी भांडू नका. त्यांना विचारा, शेवटचे दात कधी दाखवले होते?